पाळी गेली, आता तपासणी सुरू करा

होसूर रोडवरच्या बोम्मसंद्रा, हेब्बगोडी, चंदापुरा या पट्ट्यात सांगली-सोलापूरकडची, लातूरकडची, निपाणी-बेळगावकडची बरीच तरुण मराठी जोडपी राहतात. कुणी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, कुणी जवळच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. घरात बाळ झालं की गावाकडून आई किंवा सासूबाई येतात आणि सहा महिने, वर्षभर राहतात. या बाईचं वय किती असतं, याचा हिशेब फारसं कुणी करत नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी लग्न, विशीच्या आत पहिलं मूल, म्हणजे ती आजी होते पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान. भारतीय बाईची पाळी सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते, पाश्चात्त्य देशांत ती एक्कावन्नच्या सुमारास जाते. नातवंडाला सांभाळायला आलेली आजी पुष्कळदा पाळी जाण्याच्या ऐन काळातून जात असते आणि घरात ते कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

तिच्याही नसतं. रात्री दोन वाजता दरदरून घाम येऊन ती उठून बसते आणि ‘इथली हवा मला मानवत नाही’ असं म्हणते. बंगळूरला तर बाराही महिने गारवा, मग घाम कसला, असं मुलगा विचारतो. गुडघे धरतात त्याचं खापर फरशीवर फुटतं. चिडचिड होते ती ‘चार भिंतींत कोंडल्यासारखं होतं’ म्हणून. यातलं प्रत्येक कारण थोडं थोडं खरं असेलही, पण त्यांच्याखाली जे घडतंय त्याचं नाव घेतल्याशिवाय उपाय सुचत नाहीत. हा लेख त्या आईसाठी, सासूबाईंसाठी आहे. त्यांनी तो वाचला नाही तर मुलाने किंवा सुनेने वाचून दाखवावा.

नेमकं काय होतं

शेवटच्या पाळीनंतर सलग बारा महिने पाळी आली नाही, तर पाळी गेली असं धरतात. पण बदल त्याच्या तीन-चार वर्षं आधी सुरू होतात. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन एक दिवस बंद होत नाही. ते वर-खाली होत होत कमी होतं. म्हणून पाळी कधी वीस दिवसांनी येते, कधी तीन महिन्यांनी. कधी नुसते डाग पडतात, कधी खूप अंगावर जातं. मेंदूतलं शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र याच काळात फार हळवं होतं. शरीर जरासं तापलं तरी ते घाम सोडून अंग थंड करायला धावतं, त्यामुळे छातीपासून चेहऱ्यापर्यंत एकदम गरम वाफ चढते, घाम सुटतो आणि पाठोपाठ थंडी वाजते. हा झटका एक ते पाच मिनिटांत ओसरतो. काहींना तो वर्ष-दोन वर्षं येतो, काहींना सात-आठ वर्षंही. काहींना अजिबात येत नाही, फक्त सांधे दुखतात, झोप उडते किंवा रडू येतं. पाळी चाळिशीच्या आत गेली तर ते वेळेआधी आहे, डॉक्टरांना दाखवायलाच हवं. चाळीस ते पंचेचाळीसमध्ये गेली तरी दाखवावं, कारण हाडांना आणि हृदयाला इस्ट्रोजेनचा आधार तेवढी वर्षं कमी मिळणार असतो.

तंबाखूने पाळी लवकर जाऊ शकते. शहरात हा धोका सिगारेटपुरता सांगतात. आपल्याकडे पुष्कळ घरांतल्या बायका सकाळी मशेरी लावतात आणि तिला व्यसनांत मोजतही नाहीत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का’ विचारलं की ‘नाही’ हे उत्तर येतं. मशेरीचं आपण होऊन सांगा आणि सोडायचा प्रयत्न याच काळात करा.

‘सुटले बाई’ याच्या पुढे

खेड्यातल्या बऱ्याच बायकांना पाळी गेल्याचं दुःख नसतं, हायसं वाटतं. कापडाची कटकट गेली, बाजूला बसणं गेलं, देवाला हात लावता येतो, वारीला निश्चिंत जाता येतं. ही सुटका खरी आहे आणि तिच्यावर कुणी पाणी टाकू नये. अडचण वेगळीच आहे. पाळीबरोबर दवाखान्याशी असलेलं नातंही संपतं. आशाताई आणि नर्सबाई घरी यायच्या त्या दिवस राहिल्यावर, बाळाच्या लसीसाठी, ऑपरेशनच्या चौकशीसाठी. ते सगळं आटोपलं की बाईच्या अंगाची विचारपूस करायला कुणी येत नाही. आपली आकडेवारीही तशीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातल्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी असल्याचं २०१९-२१च्या पाहणीत दिसलं, पण ते मोजमाप १५ ते ४९ वयाच्या बायकांचं आहे. पन्नाशीच्या बाईचं रक्त किती, हे त्या आकड्यात नाही.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या ८ टक्के. जगभर या कामाची दखल घेतली गेली, कारण बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण एवढंच धरून चालणाऱ्यांना त्याने थांबवून विचार करायला लावला. मला यातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते: ‘आता पाळीच नाही तर दवाखाना कशाला’ असं जिला वाटतं, तिची तपासणी आता सुरू व्हायला हवी.

पिशवी काढण्याआधी

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सर्वांत मोठं नुकसान इथे होतं.

पाळी जायच्या आधीच्या वर्षांत जास्त रक्त जाणं, अनियमित जाणं, ओटीपोटात दुखणं, अंगावरून पांढरं जाणं हे त्रास सर्रास होतात. खेड्यातली बाई ते अंगावर काढते, मग एक दिवस तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्यात जाते. तिथे सोनोग्राफी होते आणि ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका’ असं ऐकायला मिळतं. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर घरात विचार थांबतो. दागिना मोडून, उचल घेऊन ऑपरेशन होतं.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या बाबतीत हे किती मोठ्या प्रमाणावर झालं होतं ते २०१९मध्ये उघडकीला आलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. जिल्ह्यात झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. साधारण दर सहा बायकांमागे एक. यातल्या कित्येक चाळिशीच्या आतल्या होत्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, एक दिवस खाडा पडला की पैसे कापले जाणार, फडात ना पाणी ना आडोसा, अशा स्थितीत पाळीची कटकट कायमची संपवणं हा बाईला सुटकेचा मार्ग वाटला तर तिला दोष कसा द्यायचा? त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला सांगितलं गेलं. कर्नाटकातही कलबुर्गी भागात लंबाणी तांड्यांवरच्या बायकांच्या अशाच तक्रारींवरून आंदोलनं झाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने गरज नसताना होणाऱ्या या शस्त्रक्रिया रोखण्यासाठी २०२२मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या लागू करायला सांगितलं.

गर्भपिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली, तर बाईची पाळी त्याच दिवशी जाते, तिसाव्या वर्षी असली तरी. शरीराला सवय व्हायला मिळणारी तीन-चार वर्षं मिळत नाहीत. वाफा, निद्रानाश, कोरडेपणा, हाडांची झीज सगळं एकदम अंगावर येतं. अंडाशयं ठेवली तरी पाळी जाण्याचे बदल काहीसे लवकर येण्याचा संभव असतो, आणि पाळी आधीच बंद असल्यामुळे ते कधी आले हे बाईला कळतही नाही.

म्हणून तुम्हाला, तुमच्या आईला, मावशीला, गावातल्या कुणालाही पिशवी काढायला सांगितलं, तर आधी डॉक्टरांना विचारा: नेमका आजार काय आहे आणि तो कोणत्या तपासणीत दिसला? नुसती ‘सूज’ हे ऑपरेशनचं कारण होत नाही. कॅन्सरची शंका असेल तर पिशवीच्या अस्तराचा किंवा तोंडाचा तुकडा तपासला का, त्याचा लेखी अहवाल कुठे आहे? औषधांनी रक्तस्राव थांबवून पाहिला का? रक्त जाणं कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, हॉर्मोनच्या गोळ्या आहेत, पिशवीत बसवायची हॉर्मोनची तांबी आहे, जी पाच वर्षं किंवा जास्त चालते आणि बऱ्याच बायकांचं ऑपरेशन वाचवते. शेवटी, ऑपरेशन करायचंच असेल तर अंडाशयं ठेवणार की काढणार, काढणार तर का? या प्रश्नांनी चांगला डॉक्टर चिडत नाही. सगळे कागद घेऊन सरकारी रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. रक्त धो-धो वाहत नसेल तर आठ-पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही.

पिशवी कधीच काढू नये, असं मात्र नाही. कॅन्सर निघाला, मोठ्या गाठी असल्या, अंग बाहेर येत असलं, औषधं घेऊनही रक्त थांबत नसलं तर ऑपरेशन योग्य आहे आणि ते टाळून जीव धोक्यात घालू नये. ज्यांची दोन्ही अंडाशयं पंचेचाळिशीच्या आत काढली गेली आहेत, त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन हॉर्मोनचे उपचार घेता येतील का, हे जरूर विचारावं. बहुतेकींना पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत ते द्यायला हवेत. बहुतेक जणींना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर

पाळी जाऊन वर्ष झालं आणि नंतर पुन्हा रक्त गेलं, अगदी थेंबभर, गुलाबी डागापुरतं, तर आठवडाभरात डॉक्टरांना दाखवायचं. ‘पुन्हा पाळी आली’ म्हणून कौतुक करायचं नाही, ‘उष्णता झाली असेल’ म्हणून सब्जा पिऊन थांबायचं नाही. दहातल्या साधारण नऊ जणींमध्ये कारण साधं निघतं, अस्तर कोरडं पडल्याने किंवा छोट्या गाठीने. दहावीला पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर असू शकतो, आणि तो लवकर सापडला तर पूर्ण बरा होण्याची शक्यता मोठी असते. आतून केलेल्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात. ती चार मिलिमीटरपेक्षा जास्त असली तर तुकडा तपासतात.

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर हा वेगळा, आणि खेड्यातल्या बायकांत तो जास्त. या बाबतीत जगाला धडा मिळाला तो आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यातून, आजच्या धाराशिवमधून. टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी तिथल्या खेड्यांतल्या ३० ते ५९ वर्षं वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांवर १९९९पासून अभ्यास केला. २००९मध्ये निष्कर्ष आले: एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा केली तरी या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. सरकारी केंद्रांत तिशीनंतर आम्लाचा बोळा लावून डोळ्यांनी पाहण्याची साधी तपासणी होते. पाळी गेल्यावर मात्र ज्या भागात हा आजार सुरू होतो तो आत सरकतो आणि नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही. म्हणून पन्नाशीच्या बाईने पॅप (तोंडाच्या पेशींची) किंवा एचपीव्ही तपासणी होईल का, हे विचारावं.

आशाताईंकडे तिशीवरच्या प्रत्येकासाठी भरायचा एक तपासणी-तक्ता असतो. त्यात बायकांसाठी स्तनातली गाठ, स्तनाग्रातून रक्त, पाळी गेल्यावर रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, घाण वासाचं पांढरं जाणं असे प्रश्न आहेत. तो भरताना घाईघाईने सगळ्यांना ‘नाही’ म्हटलं जातं, कारण दारात पुरुष माणसं बसलेली असतात. गावी असाल तर आशाताईंना आत बोलवा, स्वयंपाकघरात बसवा आणि खरं ते सांगा.

हाडं: गावचं ऊन आणि फ्लॅटमधली सावली

गावात ही बाई दिवसभर उन्हात राबायची. खाणं कमी पडत होतं, पण ऊन आणि हालचाल भरपूर होती. बोम्मसंद्र्यात ती पाचव्या मजल्यावर बाळाला मांडीवर घेऊन बसलेली असते. दूध, फळं मिळतात. ऊन आणि चालणं जातं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडं वेगाने झिजतात, त्यामुळे हे स्थलांतर नेमकं अवघड वेळी होतं. बाळाला कोवळ्या उन्हात नेतो म्हणून आजी सात वाजता खाली जाते. पण ड जीवनसत्त्व तयार व्हायला सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यानचं ऊन हात, पाय, चेहऱ्यावर वीस-पंचवीस मिनिटं पडायला हवं. गच्चीवर कपडे वाळत घालायचं काम त्या वेळेला तिच्याकडे राहू द्या. तरी अंग फार दुखत असेल, पाय जड होत असतील तर रक्तात ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड दोन्ही तपासून घ्या. थायरॉइडचा बिघाड आणि पाळी जाण्याचे त्रास एकमेकांसारखेच दिसतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. या बाबतीत बोम्मसंद्रा ज्यात येतं तो आनेकल तालुका तुमच्या मदतीला येतो, कारण हे नाचणीचं माहेर आहे. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हापेक्षा कितीतरी पट. इथे तिच्या पिठाचा उकडलेला गोळा करतात, त्याला कन्नडमध्ये ‘मुद्दे’ म्हणतात. घशाखाली उतरत नसेल तर आपली भाकरी आणि आंबील आहेच. दोन भाकऱ्या, दोन वेळा मिळून पाव लिटर दूध किंवा दही, चमचाभर सबंध तिळाची चटणी, राजगिरा किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी एवढं रोज पोटात गेलं तर बराचसा हिशेब जमतो, उरलेलं गोळीने भागतं. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका, चहाबरोबर तर नाहीच. डाळ, उसळ, अंडं, चालत असेल तर मासळी रोज हवी, कारण स्नायू ढिले पडले की बाई तोल जाऊन पडते आणि मनगट किंवा खुबा मोडतो. सर्वांचं झाल्यावर उरलेलं खायची तिची सवय सुनेने ठरवलं तर मोडेल. मुलाने पानं वाढली तर लवकर मोडेल.

चालणं चांगलंच, पण हाडांना वजन पेलायचा व्यायामही लागतो: जिना चढणं, भिंतीला हात टेकून चवड्यांवर उभं राहणं, खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठणं. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने हाड मोडलं असेल किंवा पाळी फार लवकर गेली असेल, तर हाडांच्या घनतेची तपासणी करायला सांगा. ‘ताकदीचं इंजेक्शन’ आणि सलाइन यांनी यातलं काहीच भरून येत नाही.

वाफा, झोप आणि औषधं

सुती साडी, सुती झंपर, रात्री पातळ पांघरुणाचे दोन थर, उशाशी पाण्याचा तांब्या. कडक गरम चहा आणि झणझणीत जेवणाने झटका येतो का, ते चार दिवस बघा आणि येत असेल तर तेवढं कमी करा. एवढ्याने बऱ्याच जणींचं भागतं. भागत नसेल, झोप नसल्याने दिवस काढवत नसेल, तर सहन करत बसायची गरज नाही, औषधं आहेत.

हॉर्मोनच्या गोळ्यांबद्दल आपल्याकडे मोठी भीती आहे. ती मुख्यतः अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाच्या २००२मधल्या निष्कर्षांतून आली; त्यात स्तनाच्या कॅन्सरचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसला होता. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. आज तज्ज्ञांचं मत असं की साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, एरवी निरोगी बाईला तीव्र त्रास असेल तर या उपचारांचा फायदा सहसा धोक्याहून जास्त असतो. स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात, गुठळी, यकृताचा आजार झालेल्यांनी किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होणाऱ्यांनी त्या घेऊ नयेत. पिशवी असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत, सोबत प्रोजेस्टेरॉन लागतं. हे सगळं पाहूनच गोळ्या लिहून दिल्या जातात, म्हणून मेडिकलवाल्याला सांगून आणू नका. हॉर्मोन नको असतील तर वाफा कमी करणारी दुसरीही औषधं डॉक्टर देऊ शकतात. फोनवर फिरणाऱ्या जाहिरातीतली चूर्णं आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’ कॅप्सूल घेऊ नका. काही वनौषधींनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत.

जी गोष्ट आई मुलाला कधीच सांगणार नाही ती सुनेने विचारावी, किंवा लेकीने फोनवर: लघवी करताना आग होते का, खोकताना-शिंकताना सुटते का, वारंवार संसर्ग होतो का, संबंधाच्या वेळी दुखतं का. इस्ट्रोजेन कमी झाल्याने तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते. वाफा काही वर्षांनी थांबतात, हा त्रास आपोआप थांबत नाही, वाढतो. साबण लावून आतून धुणं बंद करा. डॉक्टर आत लावायला इस्ट्रोजेनचं मलम देतात. त्याचा डोस अगदी थोडा असतो, रक्तात फारसं जात नाही आणि गुण चांगला येतो. लघवी सुटत असेल तर, लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो तेच आवळून पाच मोजायचे आणि सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. तीन महिने नेटाने केलं की फरक पडतो. शेतात आडोसा नसतो म्हणून पाणी न पिण्याची सवय लागलेली असते. घरात मोरी आहे, पाणी प्या.

हृदय

पाळी असेपर्यंत बायकांना हृदयविकारापासून थोडं संरक्षण असतं, नंतर ते ओसरतं. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा तपासायलाच हवं. ‘जीव घाबरतो, धडधडतं, घाम येतो’ हे वाफेचं लक्षण आहे, पण फक्त वाफेचं नाही. वाफ गरम असते आणि काही मिनिटांत जाते. छातीवर दाब, दुखणं जबड्यात, पाठीत किंवा हातात उतरणं, थंड घाम, दम लागणं, मळमळ यातलं काही झालं आणि ओसरलं नाही, तर १०८ला फोन करा. बाईला हृदयाचा झटका आला तरी घरचे ‘पित्त झालं असेल’ म्हणून थांबतात आणि तेवढ्यात मोलाचे तास जातात.

एकाच घरात दोघी जाग्या

नुकतंच बाळंतपण झालेली सून आणि पाळी जात असलेली सासू, दोघींची हॉर्मोन्स एकाच वेळी उलथापालथीत, दोघींची झोप अर्धवट, आणि घर दोन खोल्यांचं. या घरातली कितीतरी भांडणं स्वभावाची नसतात, हे मला अगदी मनापासून वाटतं. घरातल्या पुरुषाने रात्रीची एक वेळ बाळाला घेतलं तर दोघींना सलग चार-पाच तास झोप मिळेल. त्याहून स्वस्त औषध माझ्या माहितीत नाही. पंधरा दिवसांहून जास्त काळ उदास वाटणं, कशात मन न लागणं, जगू नयेसं वाटणं हे मात्र नुसतं ‘वयाचं’ म्हणून सोडू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आहे. तिचं शिखर केंद्र बंगळूरच्या निम्हान्समध्ये आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. परमुलखात असलेल्या बाईला आपल्या बोलीत बोलायला मिळणं ही लहान गोष्ट नाही.

बोम्मसंद्र्यात जायचं कुठे

होसूर रोडवर नारायणा हेल्थ सिटीसारखी मोठी रुग्णालयं आहेत, पण सुरुवात तिथून करायची गरज नसते. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं, पुढचं आनेकलच्या तालुका रुग्णालयात. मुलगा किंवा सून कारखान्यात कामाला असून महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल, तर पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचंही नाव त्यात घालता येतं. कितीतरी जण नुसतं बायको-मुलांचं नाव घालून थांबतात. बोम्मसंद्र्यात ईएसआयच्या रुग्णालयाची पायाभरणी २०२४च्या ऑक्टोबरमध्ये झाली आहे. ते सुरू होईपर्यंत आपल्या कार्डावरच्या दवाखान्यातून सुरुवात करा. ऑगस्ट २०२५पासून मेट्रोची पिवळी मार्गिका बोम्मसंद्र्यापासून सुरू झाल्याने शहरातली सरकारी रुग्णालयं जवळ आली आहेत. हृदयाच्या जयदेव संस्थेचं स्थानक याच मार्गावर आहे. कॅन्सरची शंका असेल तर किडवाई संस्था आहे.

सोबत कुणी नसेल आणि कन्नड येत नसेल तर ही वाक्यं कागदावर लिहून ठेवा. ‘मुट्टु निंतु ओंदु वर्ष आयितु’, म्हणजे पाळी जाऊन एक वर्ष झालं. ‘मत्ते रक्तस्राव आगुत्तिदे’, म्हणजे पुन्हा रक्त जातंय. ‘गर्भकोश तेगेदिद्दारे’, म्हणजे गर्भपिशवी काढलेली आहे.

आई गावी परत निघाली की तिच्याबरोबर एक फाइल द्या. तिच्यात शेवटच्या पाळीची तारीख लिहा, नेमकी आठवत नसेल तर ‘दिवाळीनंतर’, ‘पंचमीच्या आधी’ अशी सणाच्या आधाराने लिहा. जुन्या ऑपरेशनचे कागद, त्यात अंडाशयं ठेवली की काढली याची नोंद, रक्तदाब-साखर-हिमोग्लोबिन-थायरॉइडचे अहवाल, पॅप किंवा एचपीव्ही तपासणीची तारीख, चालू गोळ्यांची नावं एवढं त्यात असू द्या. प्रत्येक कागदाचा फोटो स्वतःच्या फोनमध्येही ठेवा. पुढची तपासणी कधी करायची, तो महिना फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंचा किंवा आशाताईंचा नंबर त्याच्याखाली लिहा.